बदकांची घरटी कोरडी ठेवताना

सकाळी हातात आलेलं अंडं घाणीने माखलेलं असेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळचं असतं. बदकं ओल्या पायांनी आत आली, जमीन ओली होती म्हणून रात्री घरट्यात जाऊन झोपली, आणि पहाटे तिथेच अंडी घातली. अशा घरट्यात रोज नवा पेंढा टाकला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यामुळे घरट्यांची निगा म्हटलं की आम्ही आधी पाण्याचं भांडं कुठे आहे, जमीन किती कोरडी आहे आणि दार किती वाजता उघडतं ते बघतो. खराटा त्यानंतर.

पुढचं सगळं दक्षिण कोकणातल्या परसातल्या बारा खाकी कॅम्पबेल बदकांच्या हिशेबाने आहे, दहा माद्या आणि दोन नर. मादी दोन किलोच्या आसपास भरते, त्यामुळे मापं त्या बेताची. पेकिन किंवा मस्कोव्ही अशा मोठ्या जातीची बदकं असतील तर घरटं सगळ्या बाजूंनी तीन-चार इंच मोठं घ्यावं. देशावर हवा एवढी दमट नसते, तिथे पावसाळ्याचं वेळापत्रक थोडं सैल ठेवलं तरी चालेल. बाकीचं आहे तसंच.

खुराडं ६ फूट बाय ८ फूट, म्हणजे बदकामागे चार चौरस फूट जागा. जोतं जमिनीपासून फूटभर वर. जांभ्याची भिंत आमच्याकडे स्वस्त पडते आणि उन्हाळ्यात थंड राहते, पण चिरा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात खालून पाणी ओढून घेतो आणि ती ओल भिंतीला टेकलेल्या पेंढ्यात उतरते. म्हणून आतून खालच्या दीड फुटाला सिमेंटचा गिलावा आणि जमिनीला कोबा, दाराच्या दिशेने चार फुटांना एक इंच उतार. शेणाने सारवलेली जमीन कोंबड्यांना छान चालते. बदकांपुढे ती टिकत नाही, कारण त्यांच्या विष्ठेत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि ओली जागा दिसली की चोचीने उकरायची त्यांना सवय. हवेसाठी जाळीच्या खिडक्या छपराजवळ, समोरासमोरच्या भिंतींत ठेवाव्यात. खाली बसलेल्या पक्ष्यांवर थेट झोत येऊ नये, पण दमट हवा वरून निघून गेली पाहिजे. पावसाळ्यात या खिडक्यांना प्लास्टिक ठोकून टाकणारे लोक घरटी कुजण्याची सोय स्वतःच करतात. पाऊस अडवायचा तर छप्पर दोन फूट पुढे काढावं, खिडकी बुजवू नये.

तीन माद्यांना एक घरटं पुरतं, म्हणून दहा माद्यांना चार. प्रत्येक घरटं १२ इंच रुंद, १८ इंच खोल, १२ इंच उंच. पुढे चार इंचांचा उंबरा, म्हणजे पेंढा बाहेर सांडत नाही आणि बदक अडखळतही नाही. सगळी घरटी जमिनीवरच. बदकं कोंबड्यांसारखी उडी मारून वर जात नाहीत. फूटभर उंचीवर खोका ठेवला तर त्या खोक्याखालच्या अंधारात अंडी घालतात. जागा दारापासून सर्वांत लांबची, सर्वांत काळोखी. यात दोन फायदे आहेत. मादीला आडोसा मिळतो, आणि दारातून घरट्यापर्यंत येताना सात-आठ फूट कोरड्या तुसावरून चालावं लागल्यामुळे पाय पुसले जातात. पायांचे पडदे पाणी आणि चिखल दोन्ही धरून ठेवतात, ते पुसायला एवढं अंतर लागतंच.

घरटी फळ्यांची करायची असतील तर तळ ठोकू नये. नुसती चौकट कोब्यावर ठेवावी. उचलली की खालचं सगळं मोकळं, खराट्याने एका दमात निघतं. तळ ठोकलेल्या खोक्यात कोपऱ्यांतली घाण खुरप्याने टोकरत बसावं लागतं, आणि फळ्यांच्या सांध्यांत गोचीड आणि पिसवा घर करतात. पावसाळ्यासाठी आम्हाला भाजीचे प्लास्टिक क्रेट बरे वाटतात. पुढची बाजू उंब्र्यापुरती ठेवून कापायची, कडा कानशीने घासून बोथट करायच्या. धुतला की तासाभरात वाळतो, तेव्हा दोन जादा ठेवले की पाळीपाळीने बदलता येतात. क्रेटला भोकं असतात म्हणून खाली जुन्या रबरी मॅटचा तुकडा घालावा. गोणपाट घालू नये. ते एकदा भिजलं की पावसाळाभर वाळत नाही. काही जण तळाला नुसती तारेची जाळी ठेवतात, म्हणजे घाण खाली पडेल. बदकाचे तळवे कोंबडीपेक्षा मऊ असतात, तारेवर ते सोलवटतात आणि मग तळव्याला गाठ येऊन पक्षी लंगडतो.

त्याच खुराड्यात कोंबड्या झोपत असतील तर त्यांची बसायची काठी घरट्यांच्या वर येता कामा नये. आल्यास घरट्यांवर उतरतं झाकण लावावं. सपाट झाकणावर कोंबड्या बसणारच.

आता आत काय घालायचं. भाताचं तूस आणि पेंढा, या दोघांच्या जोडीला तोड नाही. तूस पाणी फारसं शोषत नाही, पण त्यातून हवा जाते, त्यामुळे ओलं झालं तरी लवकर सुकतं आणि गोळा होत नाही. पेंढा मऊ, अंडं धरून ठेवणारा. खाली तीन इंच तूस, वर तीन इंच पेंढा. पेंढा वीतभर लांबीचे तुकडे करूनच घालावा. लांब काड्या बदकाच्या पायाला गुंतून घरट्याबाहेर ओढल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर अंडंही.

सॉ मिलचा भुसा फुकट मिळतो म्हणून अनेक जण तोच भरतात. ताजं अंडं ओलसर असतं, बारीक भुसा त्याला पिठासारखा चिकटतो आणि सालावर खरखरीत थर बसतो. शिवाय त्याची धूळ श्वासात जाते, आणि लाकडाला वाळवीचं औषध मारलं होतं की नाही हे गिरणीवाल्यालाही ठाऊक नसतं. रंध्याचे जाड छिलके मिळाले तर चालतील. काथ्याचा भुसा पाणी भरपूर पितो, पण वरून कोरडा दिसतो आणि आत ओल धरून बसतो. तो पाण्याच्या भांड्याभोवती उपयोगी, घरट्यात नाही. आंब्याचा वाळका पाला घसरडा. तो घाण शोषत नाही, नुसता चपटा होऊन थरावर थर बसतो. एप्रिल-मेमध्ये मात्र तळाला दोन इंच धुतलेली वाळू आणि वर पेंढा हा प्रकार चांगला, माद्या त्यावर शांत बसतात.

भरून झाल्यावर चारही कोपरे पेंढ्याने दाबून बुजवायचे आणि मध्ये मुठीने खळगा करायचा, साधारण दोन इंच खोल. कोपरा पोकळ राहिला की अंडं तिकडे घरंगळतं, पुढची मादी फिरून बसताना त्यावर पाय देते. खळगा नीट असेल तर मादी छातीने दाबून तो आपल्या मापाचा करून घेते, आणि अंडं घातल्यावर चोचीने चार काड्या त्याच्यावर ओढते. माद्या पाच महिन्यांच्या होत आल्या की, पहिल्या अंड्याच्या दोन-तीन आठवडे आधी, घरटी तयार ठेवावीत आणि प्रत्येकात एक लाकडी किंवा प्लास्टरचं खोटं अंडं ठेवावं. जागा ठरली की ठरली. एकदा माद्यांनी दाराजवळचा कोपरा पसंत केला, की नंतर घरटी कितीही नटवली तरी त्या तिकडेच जातात, आणि त्या कोपऱ्यातली अंडी कधीच स्वच्छ मिळत नाहीत.

संध्याकाळचं काम सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित. बंद करण्याच्या तासभर आधी बदकांना पाण्यातून बाहेर काढायचं. त्यासाठी ओरडून पळवायची गरज नाही, रोज त्याच वेळी अंगणात खाणं ठेवलं की ती आपण होऊन येतात. खाऊन, पिसं साफ करून, अंग झटकून होईपर्यंत ती बरीच कोरडी होतात. दाराबाहेर चार फूट लांबीचा पट्टा बारीक खडीचा किंवा पोफळीच्या पट्ट्यांचा करावा, पट्ट्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट. जास्त फट ठेवली तर नखं अडकतात.

रात्री आत खाणं ठेवायचं नाही. बदक खाताना प्रत्येक घासाला पाण्याकडे जातं, चोचीतलं पीठ पाण्यात आणि पाणी पिठात असं करून सगळीकडे चिखल करतं. पाणी ठेवावं की नाही यावर मतं दोन आहेत. थंडीत मोठी बदकं रात्रभर पाण्याशिवाय राहतात, पण अंडी देणाऱ्या मादीला पाणी कमी पडलं तर अंडी घटतात, म्हणून आम्ही ठेवतो. फक्त योग्य जागी. उताराच्या खालच्या टोकाला, दाराशी, दोन फूट बाय दोन फूट आणि नऊ इंच खोल खड्डा, त्यात खडी, तळातून बाहेर जाणारा पाइप, वर चौकटीत बसवलेली अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी. भांडं या जाळीवर. रोजच्या वापरातल्या खाद्यतेलाच्या पाच लिटरच्या कॅनला वरच्या बाजूला चार इंचांचं गोल भोक पाडलं की डोकं आत जातं, अंग जात नाही. पाणी चार-पाच इंच खोल हवं, कारण नाकपुड्या आणि डोळे बुडवून धुता आले नाहीत तर ते चिकटतात. उथळ ताट ठेवलं तर बदक त्यात बसतं आणि तसंच घरट्यात जातं.

उरलेल्या जमिनीवर चार-पाच इंच तूस. ही जमीन कोरडी आणि ऐसपैस असेल तर बदकं तिच्यावरच, एकमेकांना चिकटून झोपतात. रात्री दहाला बॅटरी मारून बघावं. माद्या घरट्यांत झोपलेल्या दिसल्या तर घरटं साफ करण्याआधी जमिनीचं काय बिघडलंय ते शोधावं. मूठभर तूस उचलून दाबायचं. लाडू वळला आणि मूठ उघडल्यावरही तसाच राहिला, तर ते काढून टाकायची वेळ झाली. मोडून सुटं झालं तर ठीक. मग उकिडवं बसून बदकाच्या उंचीवर नाक न्यायचं. उभं असताना न जाणवणारा अमोनियाचा वास तिथे डोळ्यांत येतो, आणि बदकं तो रात्रभर घेत असतात.

कोंबडीसारखी बदकं दिवसभर अंडी घालत नाहीत. बहुतेक सगळी अंडी पहाटेपासून सकाळी आठ-साडेआठपर्यंत येतात. म्हणून दार साडेआठच्या आधी उघडायचं नाही. सहाला सोडलं तर अंडी तळ्याच्या काठी, केळीच्या बुंध्यात आणि पाणथळीत सापडतात, सापडली तर. पहिली फेरी साडेसहाला, दुसरी दार उघडताना. पहिली फेरी चुकवू नये, कारण पेंढ्याखाली लपवलेल्या अंड्यांवर नंतरच्या माद्या नाचतात.

साडेसहाला घरट्यात हात घालण्याआधी बॅटरी आणि काठी. कोकणात धामण अंड्यांसाठी आणि उंदरांसाठी खुराड्यात येते, आणि नागही येतो. अंधाऱ्या घरट्यात चाचपडून अंडी काढायची सवय कुणालाच लावू नये, मुलांना तर नाहीच. काठीने पेंढा हलवून, उजेड टाकून, मग हात. हात थेट तळापर्यंत घालायचा. बदकं अंडी इतकी खोल पुरतात की वरवर बघणाऱ्याला घरटं रिकामं वाटतं, आणि ते राहिलेलं अंडं चार दिवसांनी फुटून सगळ्या घरट्याला वास लावतं.

अंडी काढली की त्याच हाताने सफाई. विष्ठेचा डाग दिसला तर फक्त वरच्या काड्या उचलायच्या नाहीत. पातळ विष्ठा वर वितभर डाग दाखवते आणि खाली तुसात शिरते. ओल जिथपर्यंत लागेल तिथपर्यंतचा गोळा काढून घमेल्यात टाकायचा, खड्ड्यात मूठभर कोरडं तूस, वर पेंढा, पुन्हा खळगा. घरट्यामागे दोन मिनिटं. ओल्यावर कोरडा पेंढा पसरून वेळ मारून नेली तर खालचा थर गरम होतो, बुरशी धरतो आणि दोन दिवसांत वर येतो. जमिनीवर जुन्या थरावर नवा थर घालून, दर दोन दिवसांनी उलथून, महिनोन्‌महिने काम भागतं, कारण तिथे पाय लागत राहतात आणि हवा जाते. घरट्यात ती पद्धत चालत नाही.

अंडं फुटलं असेल तर मात्र अख्खं घरटं रिकामं करायचं. पिवळ्या बलकाचा वास लागला की तासाभरात तांबड्या मुंग्यांची रांग लागते, माशा बसतात, आणि एखाद्या मादीला त्या चवीची चटक लागली तर ती चांगली अंडीही फोडायला शिकते. वारंवार फुटत असतील तर साल पातळ आहे, म्हणजे चुना कमी पडतोय. आमच्याकडे तिसऱ्यांच्या शिंपा घरोघरी निघतात. त्या धुऊन, वाळवून, कुटून तुरीच्या दाण्याएवढ्या करायच्या आणि वेगळ्या वाटीत ठेवायच्या. खाण्यात मिसळायच्या नाहीत. लागेल तेवढं मादी आपण होऊन घेते, आणि नरांना त्याची गरज नसते.

कोरड्या महिन्यांत आठ-दहा दिवसांनी घरटी पूर्ण रिकामी करतो. बदकं बाहेर असताना चौकटी उचलायच्या, खुरप्याने खरवडायच्या, ब्रश मारायचा, कडक उन्हात दोन-तीन तास दोन्ही बाजूंनी तापवायच्या. महिन्यातून एकदा धुवायच्या, आणि इथे क्रम महत्त्वाचा. आधी खरवडणं, मग साबणाच्या पाण्याने घासणं, मग साधं पाणी, आणि शेवटी ब्लीचिंग पावडर. १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम, वजन करून. पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं, पुन्हा पाणी, मग ऊन. घाण तशीच ठेवून वरून ब्लीचिंग ओतलं तर त्यातला क्लोरीन त्या घाणीवरच संपतो, जंतूंपर्यंत पोचतच नाही. पुडा फोडून ठेवला की दमट हवेत पावडर महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते. क्लोरीनचा वास मंद झाला की नवा आणावा. फिनेल, ॲसिड यांच्याबरोबर ती कधीही मिसळू नये.

चुन्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. वास आला की वरून चुना भुरभुरायचा. ओल्या, विष्ठेने भरलेल्या तुसावर चुना पडला की त्यातला अमोनिया उलट जास्त सुटतो. चुना मारायचाच तर रिकाम्या, धुऊन वाळलेल्या कोब्यावर विझवलेल्या चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर नवं तूस. कळीचा चुना पक्ष्यांच्या आसपासही आणू नये, पायांचे पडदे आणि डोळे भाजतात. चुलीतल्या राखेचंही तेच. कोरडी चाळलेली राख तळाला मूठभर घातली तर पिसवा-उवांना आळा बसतो, भिजली की ती दाहक होते. कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा पाला घालावा, पण वाळवून. हिरवा पाला घरट्यात कुजतो, आणि पाल्याने सफाई टळत नाही.

पावसाळ्यात ऊनच नसतं, म्हणून सगळं गणित बदलतं. घरटी तीन-चार दिवसांनी रिकामी करावी लागतात. चार घरट्यांना एका वेळी साधारण दीड घनफूट तूस आणि तेवढाच पेंढा लागतो. चार महिन्यांत तीस वेळा बदल धरला तर नुसत्या घरट्यांसाठी ४५ घनफूट तूस. ५० किलो तांदळाच्या पोत्यात अडीच घनफुटांच्या आसपास मावतं, म्हणजे अठरा-वीस पोती. जमिनीचं वेगळं. हे सगळं मे महिन्याच्या मध्याआधी भरून, फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब रचून ठेवावं. जूनमध्ये भाताच्या गिरणीवर गेलं तर ओलं तूस पदरात पडतं.

उडवी पावसात भिजली असेल तर तिचा पेंढा घरट्याला वापरूच नये. उन्हात वाळवला की काळा-हिरवट थर दिसेनासा होतो, पण बुरशीचे बीजाणू तसेच राहतात आणि काडी हलवली की धुळीसारखे उडतात. ॲस्परजिलस ही बुरशी फुप्फुसांत बसली की पिल्लं चोच उघडी टाकून धापा टाकतात, आणि त्यावर हमखास उपाय नाही. पेंढा नाकाशी धरावा, कुबट वास आला तर थेट खताच्या खड्ड्यात. नुसतं कोरडं तूस घातलेलं घरटं कुबट पेंढ्यापेक्षा शंभर पटींनी बरं.

पावसाळ्यात उंदीरही आसऱ्याला येतात. षटकोनी कोंबडीजाळी ते कुरतडतात किंवा तिच्यातून शिरतात; अर्ध्या इंचाची वेल्डमेशच लावावी, जमिनीतही सहा इंच गाडून. उंदराच्या मुताने भिजलेल्या पेंढ्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) धोका असतो, आणि कोकणात तो पावसाळ्यातला नेहमीचा आजार आहे. घरटी उपसताना हातमोजे आणि गमबूट, हाताला चीर किंवा जखम असेल तर त्या दिवशी ते काम दुसऱ्याने करावं.

नीट ठेवलेल्या घरट्यातली बहुतेक अंडी धुवावी लागत नाहीत, आणि न धुतलेलं अंडं जास्त टिकतं. सालावर नैसर्गिक पातळ आवरण असतं, ते बारीक छिद्रं बंद ठेवतं. थोडा डाग असेल तर नारळाच्या सोडणाच्या कोरड्या काथ्याने हलके घासावं. फारच माखलेलं असेल तर वापरण्याआधी, अंड्यापेक्षा गरम पाण्यात, ४० ते ४५ अंश, वाहत्या धारेखाली धुवून लगेच पुसावं. विहिरीच्या गार पाण्यात बादलीभर अंडी भिजत टाकणं सर्वांत वाईट. आतला भाग आकसतो आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. अंडं चकचकीत दिसतं आणि आतून खराब व्हायला लागतं. धुतलेली अंडी फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवावीत. चिरलेलं अंडं टाकून द्यावं. बदकाच्या अंड्यात साल्मोनेलाचा संभव असतो, म्हणून बलक घट्ट होईपर्यंत शिजवावं, हाफ फ्राय नको.

उबवणीसाठी फक्त जात्याच स्वच्छ अंडी. धुतलेली किंवा घासलेली घेऊ नयेत. २८ दिवसांच्या उबेत एक जरी सडलं आणि फुटलं तरी शेजारची सगळी माखतात. खाकी कॅम्पबेल सहसा खुडूक बसत नाही, त्यामुळे गावठी कोंबडीखाली किंवा मस्कोव्हीखाली अंडी ठेवावी लागतात. या बैठकीचं घरटं वेगळं, बाकीच्या माद्या पोचणार नाहीत असं. मस्कोव्ही दिवसातून एकदा वीसेक मिनिटं उठते आणि बाहेर जाऊन एकदम मोठी, भयंकर वासाची विष्ठा टाकते. तिला घाबरवलं तर तेच ती घरट्यात करते. म्हणून ती बसलेली असताना हात लावायचा नाही. उठून गेली की खराब काड्या बदलायच्या, तळ हलवायचा नाही. सातव्या आणि चौदाव्या दिवशी अंडी दिव्यासमोर धरून मेलेली काढून टाकायची. पिल्लं निघाली की चोवीस तासांच्या आत टरफलांसकट सगळा पेंढा बाहेर.

एखाद दिवशी हिरवट पाण्यासारखी विष्ठा घरट्यांत दिसली आणि पक्षी मान टाकून बसले असतील, तर सफाईने भागणार नाही. एकापाठोपाठ पक्षी मरू लागले तर कशाला हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू सापडला तेव्हा मेल्या होत्या त्या कोंबड्या. बदकं मात्र तो विषाणू आजारी न पडताही बाळगू शकतात. त्यामुळे खुराड्याच्या चपला वेगळ्या ठेवाव्यात आणि रानबदकं उतरतात त्या तळ्याच्या काठचं गवत घरट्यात भरू नये.

उपसलेला पेंढा-तूस ओला आणि उष्ण असतो, थेट भाजीला घातला तर मुळं करपतात. एक घमेलं घाणीला तीन घमेली सुका पाला असे थर देऊन, मध्ये दोनदा उलथून, तीन महिन्यांनी ते नारळाच्या आळ्यात जातं. खड्डा विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. घरटी धुतलेलं पाणीही त्याच बाजूला सोडावं.